पार्वतीबाईचं खरेदीखत

कंधारजवळचं दगडी घर देशमुखांनी लुंबिनीच्या पणजोबांना दान दिलं, असंच ती लहानपणापासून ऐकत आली होती. वकील झाल्यावर तिनं सरकारी दप्तरातून त्या घराच्या निजामकाळच्या उर्दू कागदाची नक्कल काढली आणि उदगीरच्या मोईन मास्तरांकडं नेली.

मास्तर वाचता वाचता हसले. “बेटा, हे दान न्हाई, खरेदीखत हाय. घेणार पार्वतीबाई. खाली तिचाच अंगठा.”

पार्वतीबाई म्हणजे लुंबिनीची पणजी, जन्मभर खाणीत दगड फोडलेली.

घरी येऊन लुंबिनीनं वडिलांना मास्तरांचा शब्दन् शब्द सांगितला. देशमुखांच्या दारावरून जाताना आजवर मान झुकवणारे आनंदराज ताठ बसले.

“पुन्हा सांग,” ते म्हणाले, “अन् जरा मोठ्यानं. गल्लीला ऐकू जाऊ दे.”