दोरीवरचा हात

पोंभुर्ण्यात जलालुद्दीनच्या बेकरीचा टोस्ट न खाल्लेला माणूस दिवा घेऊन शोधला तरी सापडला नसता. आणि त्या बेकरीचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक घरातच होतं. जलालुद्दीनची मुलगी जोया बारा वर्षांची, सातवीत. ज्या बाकावर इतर मुली तिघी बसायच्या, तिथं जोया आणि आणखी एकच मावायची. पण या गोष्टीचं तिनं कधी वाईट वाटून घेतलं असेल तर शपथ. कुणी ‘जाडी’ म्हटलं की ती थांबायची, सावकाश वळायची आणि म्हणायची, “हौ, आहो. तुह्या घरचं खाल्लं का?”

दिवाळीनंतर मात्र शाळेचा जिना चढताना तिला धाप लागू लागली. अम्मीनं, म्हणजे आबिदानं, तिला चंद्रपूरच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, औषध काही नको, रोज घाम निघेल एवढा व्यायाम आणि ताटाला थोडा लगाम. नाहीतर दादीला म्हातारपणी लागलेली साखर हिला पंचविशीतच लागेल. आबिदा परत येताना एसटीत रडली. जोया शेंगदाणे खात खिडकीबाहेर बघत होती, पण ऐकलं तिनंही होतं.

शाळेत खेळ शिकवायला नीलाबाई होत्या. जिल्ह्याच्या संघातून कबड्डी खेळलेल्या, आवाज असा की शिट्टी घरी विसरल्या तरी चालायचं. आबिदानं डॉक्टरांचं बोलणं सांगताच त्यांनी शाळेतली अशी तीन पोरं गोळा केली. जोया, ढिवर मोहल्ल्यातला मिथुन आणि त्याच्याच वर्गातली रिंकू. रोज सकाळी मैदानावर धावायचं, असं ठरलं.

घोळ एवढाच की मैदान बसस्टँडला लागून होतं. मूल गावाची एसटी कधी वेळेवर यायची नाही, आणि तिची वाट बघणाऱ्यांना हा फुकटचा तमाशा मिळाला. “अबे, जमीन हालून राह्यली,” असं कुणी म्हणायचं, बाकीचे हसायचे. जोयाजवळ सगळ्यांसाठी उत्तरं होती, पण उत्तराला दम लागतो आणि दम सगळा धावण्यात जायचा. तिसऱ्याच दिवशी तिनं मैदानात बसकण मारली.

“बाई, काहीपन करायले लावा. विहीर खोदायले लावा. पन या लोकाइच्या समोर मी धावनार नाई.”

नीलाबाई रागावल्या नाहीत. त्यांनी तिच्या भरीव पायांकडे, रुंद खांद्यांकडे नीट पाहिलं. “धावू नको,” त्या म्हणाल्या. “ओढशील का?”

गावामागच्या मोठ्या तलावात मिथुनचे आजोबा बापूजी आणि त्यांचे लोक मासेमारी करायचे. डोंग्यातून, म्हणजे लहानशा होडीतून, लांबलचक जाळं तलावात गोल सोडायचं, मग त्याच्या दोन दोऱ्या काठावरून दोन टोळ्यांनी ओढत आणायच्या. हिवाळ्यात माणसं कमी पडायची, तरणी पोरं मिरची तोडायच्या नाहीतर दुसऱ्या कामाला लांब गेलेली असायची. नीलाबाईंनी जाऊन विचारलं आणि बापूजी हो म्हणाले. मात्र दोरीचा कायदा त्यांनी आधीच सांगितला. ढिवरांचा हा कायदा जुना आहे आणि तिथं कुणाचं तोंड पाहून चालत नाही. जाळं काठाला लागेपर्यंत दोरीवर ज्याचा हात, त्याला माशांचा पूर्ण वाटा. मध्ये हात सोडला तर अर्धा. मग तो पोरगा असो की पाटील.

पहिल्याच सकाळी जोयाला कळलं की देवानं तिला हे शरीर उगाच दिलेलं नाही. काठाच्या चिखलात हलकी माणसं दोरीबरोबर घसरत पुढं जायची. जोयानं टाचा रोवल्या की दोरीची काय बिशाद! बापूजींनी मान वळवून बघितलं देखील. पण अर्ध्या वाटेत तिचा ऊर भात्यासारखा चालायला लागला, हात सुटले आणि ती मटकन बसली. वाटे पडले तेव्हा तिच्यासमोर अर्धा आला. समोर मिथुनची आजी चंदाबाई, पन्नाशीच्या पुढची, काडीसारखी बाई, पूर्ण वाटा पदरात बांधत होती.

त्या दिवसापासून जोयाला दुसरं काही सुचेना. वजन, साखर, डॉक्टर सगळं राहिलं बाजूला. तिला पूर्ण वाटा पाहिजे होता.

जाळं आठवड्यातून एकदोनदाच पडायचं. उरलेल्या दिवशी नीलाबाई तिघांना तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, चालवायच्या, आधी सावकाश, मग झपाझप. चिंचेच्या झाडाला दोर बांधून ओढायला लावायच्या, उठाबशा काढायला लावायच्या, आणि कुणी रडवेलं झालं की म्हणायच्या, “रड, पन रडता रडता काढ.” तिथं बघायला बगळ्यांशिवाय कुणी नव्हतं. पौषात जोया पाळीचं टोक न थांबता गाठू लागली. शाळेचा जिना चढून वर गेल्यावर ती वर्गात बोलू शकत होती, ही बातमी वर्गाला फारशी आवडली नाही. जाळं ओढताना आता तिचा हात जवळजवळ शेवटापर्यंत टिकायचा. जवळजवळ म्हणजे अर्धा वाटाच, कायदा तो कायदा.

इथं जलालुद्दीनला पोरीची दया आली, आणि बापाची दया म्हणजे तूप. तरुणपणी तो बल्लारपूरच्या तालमीत दोन वर्षं कुस्ती खेळला होता. तालमीतून त्याच्याजवळ एक खांद्याचं दुखणं आणि एक सिद्धांत उरला होता, मेहनत करणाऱ्याला खुराक पाहिजे. तो पहाटे भट्टी लावायला उठायचाच. तेव्हाच तो जोयासाठी तुपातला शिरा करू लागला. वर बदाम घातलेलं गरम दूध, उकडलेली अंडी.

“डॉक्टरनं असं नव्हतं सांगितलं,” आबिदा म्हणाली.

“डॉक्टर कधी आखाड्यात उतरला का? पोरगी घाम गाळून राह्यली अन् तिले उपाशी ठेवू?”

जोया कशाला नाही म्हणते! शिरा चांगला होता.

मग एका सकाळी मोठं जाळं पडलं. गावात लग्न होतं, मासळीची मागणी होती, जाळंही जड लागत होतं. जोया पोटभर खुराक घेऊन दोरीला लागली. अर्ध्या वाटेपर्यंत ठीक होतं. मग पोटात कळ उठली, तिनं दोरी सोडली, बाजूला जाऊन भडभडा ओकली. नेमका तेव्हाच भार तिच्या बाजूला होता. तिची टोळी गपकन ढिली पडली, जाळ्याची खालची कड चिखलातून उचलली गेली आणि मोठमोठे रोहू खालून निघून गेले. पाणी नुसतं चमकत राहिलं.

बापूजी नीलाबाईंजवळ आले. “बाई, आमच्या पोटाचं काम आहे हे. अजून एक खेप पाहू. पुन्हा असं झालं तर पोराइले आनू नका. माह्या नातवालेपन नाई.”

म्हणजे पुन्हा मैदान, पुन्हा बसस्टँड. मिथुन आणि रिंकूनं जोयाकडे पाहिलं नाही. तिला आयुष्यात पहिल्यांदा लाज वाटली, आणि ती शरीराची नव्हती.

नीलाबाई तडक बेकरीत गेल्या. “भाऊ, पोरगी कुस्तीले नाई चालली. तुमचा शिरा तिच्या हातातली दोरी सोडवून राह्यला.”

जलालुद्दीनच्या गिऱ्हाइकांसमोर हे झालं. तो लाल झाला. “बाई, पोरीत कसर नाई, खुराकात कसर नाई. तिच्या बाजूले जोर कमी पडते. पुढच्या खेपेले मी येतो. जोर कशाले म्हन्तेत ते पाहून घ्या.”

त्या खेपेच्या पहाटे त्यानं परात भरून शिरा केला. जोयानं एक पोळी आणि कोरा चहा घेतला आणि परात मागे सारली.

“काऊन? तब्येत बरी नाई का?”

“बरी आहे. म्हनूनच नको, अब्बा.”

अन्न वाया घालवू नये म्हणून जलालुद्दीननं तिचाही शिरा खाल्ला. दूधही पिऊन टाकलं.

तलावावर तो बाह्या सरसावून आला, बापूजींना सलाम केला आणि जोयाच्या पुढं दोरीला लागला. सुरुवातीला त्यानं खरंच जोर लावला. दोन माणसांचा जोर, कबूल करायलाच पाहिजे. मागून नीलाबाई ओरडत होत्या, “भाऊ, दमानं, शेवटपर्यंत जायचं आहे.” तालमीतला माणूस ऐकतो थोडाच. जाळं अर्ध्यावर आलं आणि मागून जोयाला त्याची मान जांभळी दिसली. मग खांदे वरखाली होऊ लागले.

“अब्बा, श्वास घ्या.”

“घेऊन राह्यलो,” तो म्हणाला, आणि तेच त्याचं शेवटचं वाक्य. दोरी त्याच्या हातातून सुटली आणि तो पाळीवर जाऊन आडवा झाला.

त्याचा सगळा भार एकदम जोयावर आला. तिला खेचल्यासारखं झालं, एक पाय घसरला. तिनं दुसरी टाच रोवली. धाप लागली होती, पण ती ओळखीची होती. चिंचेखाली अशीच लागायची आणि तिच्या पलीकडे अजून वाट असायची. “दोरी खाली धरून ठेव पोरी,” बापूजींचा आवाज आला. पुढून मिथुन आणि रिंकूनं जोर वाढवला. तिनं अब्बांकडे पाहिलं नाही. एक पाऊल मागे, मग अजून एक. हात जळत होते. मग तिच्या पाठीला काहीतरी लागलं, आणि ते चिंचेचं झाड होतं. जाळं काठाला आलं होतं.

ती दोरी धरूनच उभी राहिली. चंदाबाईला तिची बोटं एकेक करून सोडवावी लागली.

कतला, रोहू, मरळ. बापूजींनी वाटे मांडले. जोयासमोर पूर्ण वाटा ठेवला, तिच्याकडे न बघता, जसा सगळ्यांना ठेवतात तसाच. जोयानं तो चंदाबाईसारखाच ओढणीत बांधला आणि गाठ दोनदा तपासली.

मग ते जलालुद्दीनजवळ आले. तो उठून बसला होता, केसांना चिखल. बापूजी घुटमळले. गावातला मोठा माणूस, गरजेला उधार पाव देणारा. त्यांनी एक मोठा रोहू जादा उचलला.

“बापूजी,” जोया म्हणाली, “अर्धाच द्या. त्याइनं हात सोडला.”

जलालुद्दीननं लेकीकडे पाहिलं. ती चिखलानं माखलेली, लालबुंद, आणि तिच्याएवढं ताठ त्या तलावावर दुसरं कुणी उभं नव्हतं. त्यानं बापूजींच्या हातातला जादा रोहू घेतला आणि स्वतःच ढिगात परत टाकला.

“बरोबर आहे तिचं,” तो म्हणाला. अजूनही धापत होता. मग नीलाबाईंकडे वळला. “बाई, उद्या चिंचेखाली किती वाजता यायचं?”