चौदा नंबरची पाटी

शेवटचा स्क्रू गंजला होता. स्टुलावर उभ्या असलेल्या ब्लांकाने सगळा जोर लावला, तशी पत्र्याची निळी पाटी सुटून खाली उभ्या ओटिली आजींच्या पसरलेल्या ॲप्रनमध्ये पडली. हिरव्या बाबागाडीतली आठ महिन्यांची इवेता आवाजाने दचकली, पण रडली नाही.

“माझ्या पिठाच्या डब्यात ठेवते,” आजी म्हणाल्या. “रशियन माणूस पिठात हात घालायचा नाही. त्याला आयता पाव लागतो.”

१९६८चा ऑगस्ट; रशियन रणगाडे प्रागमध्ये शिरल्याचा तो तिसरा दिवस होता. अटकेच्या याद्या घेऊन गाड्या फिरताहेत, तेव्हा रस्त्यांची नावं आणि घरांचे आकडे काढून टाका, असं रेडिओने सांगितलं होतं. दुपारपर्यंत सगळी गल्ली बिननावाची झाली. घंटीजवळच्या नावांच्या चिठ्ठ्याही ब्लांकाने नखाने खरवडल्या. आजींची चिठ्ठी तिने सर्वांत आधी काढली.

आजी ब्लांकाच्याच इमारतीत तळमजल्यावर एकट्या राहत. त्यांचा मुलगा बोहुश वीस वर्षांपूर्वी सीमा ओलांडून गेला. त्यापायी त्यांची शाळेतली नोकरी गेली, मोठं घर गेलं, वर्षानुवर्षं चौकशा झाल्या. यादीत कोणाचं नाव असेल तर ते त्यांचंच, अशी ब्लांकाने मनाशी खूणगाठ बांधली होती. इवेता झाल्यापासून तिला सगळीकडे आधी वाईटच दिसायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दारासमोर गाडी हलवत उभी असताना तो माणूस आला. नीट इस्त्रीचा रेनकोट, हॅट, न झिजलेले बूट. त्याने इकडच्या तिकडच्या भिंतींकडे पाहिलं आणि मग तिच्याकडे.

“क्षमा करा. श्रीमती ओटिली क्रेयचोवा यांचे निवासस्थान याच गल्लीत आहे का?”

गल्लीत असं कोणी बोलत नसे. असं फक्त कचेरीतली माणसं बोलत.

“ठाऊक नाही. मी इथली नाही.”

त्याने गाडीच्या दांडीला अडकवलेल्या ओल्या लंगोटांकडे पाहिलं. मग खिशातून एक कागद काढून त्याने पुन्हा नाव वाचलं, सावकाश, जणू ती बहिरी आहे. हा जाणार नाही, हे तिला कळलं. आतल्या खिडकीत पडद्याआड आजी कांदा चिरत होत्या. चुकून एखादं गाणं गुणगुणल्या तरी संपलं.

“त्या म्हाताऱ्या बाई होय,” ब्लांका म्हणाली. “त्या वारल्या. गेल्या हिवाळ्यात.”

माणसाने हॅट काढली. 

“त्यांना फार त्रास झाला का?”

“नाही. झोपेतच गेल्या.”

तो ट्रामच्या थांब्याच्या दिशेने निघून गेला. हॅट त्याने पुन्हा डोक्यावर घातली नाही. पोलीस असं विचारतात का, हा प्रश्न ब्लांकाच्या मनात आला, तेवढ्यात इवेता रडू लागली आणि तिने तो प्रश्न तिथेच सोडला. संध्याकाळी आजींना तिने एवढंच सांगितलं की, एक जण विचारत आला होता, मी पिटाळला. आजींनी तिचा गाल थोपटला.

नोव्हेंबरपर्यंत गल्लीतल्या सगळ्या पाट्या परत लागल्या. चौदा नंबर तेवढा राहिला. राहू दे गं, काय घाई आहे, आजी म्हणत. अशाच एका दुपारी ब्लांका इवेताला घेऊन त्यांच्याकडे आली, तेव्हा टेबलावर परदेशी तिकिटांचं पाकीट होतं. बोहुशचं पत्र. आजी चष्मा लावून मोठ्याने वाचू लागल्या.

त्याने लिहिलं होतं की, तुला न कळवता ऑगस्टमध्ये आलो होतो. वीस वर्षांनी मिळालेला परवाना, आणि मी पोचलो त्याच रात्री रणगाडे आले. तरी गल्ली शोधून काढली. तिथे एका बाईने सांगितलं, तू झोपेत गेलीस. मी त्याच दिवशी परत फिरलो. मग तुझ्या हातचं सप्टेंबरचं पत्र आलं, ते उघडायला मला दोन दिवस लागले. आता पुन्हा येऊ देत नाहीत. दोनदा विचारलं.

आजी ओळीच्या मध्येच थांबल्या.

“पुढे काय?” ब्लांकाने विचारलं.

“पुढे काही नाही. गल्लीचं वर्णन आहे.”

त्यांनी चष्मा काढला आणि त्या उठल्या. पत्र टेबलावर उघडंच राहिलं. अक्षरं उलटी दिसत असूनही ब्लांकाला दोन शब्द वाचता आले: हिरवी बाबागाडी.

“आजी, मी…”

“झोपेतच गेले म्हणे,” आजी पाठमोऱ्या म्हणाल्या. त्या फळीवरून डबा काढत होत्या. “मरण तरी बरं दिलंन् मला त्या बाईनं.”

त्यांनी पिठात कोपरापर्यंत हात घातला, पाटी बाहेर काढली आणि ॲप्रनला न पुसता तशीच ब्लांकापुढे धरली. मग एकेक करून स्क्रू.

“लाव आता. पोरीला ठेव इथे, बाहेर गार आहे.”

ब्लांका स्टूल घेऊन बाहेर गेली. आकड्यांच्या खाचांत पीठ बसलं होतं. तिने ते बोटाने काढलं. स्क्रू सहज फिरले. पाटी लावून झाल्यावरही ती स्टुलावरच उभी राहिली. तिथून गल्ली सरळ ट्रामच्या थांब्यापर्यंत दिसत होती.