गुनवोरच्या दारावरची चकती

मी एक जुनी चकती आहे, मित्रांनो. बिस्किटाएवढी, पांढरी, दोरीवर अडकवायला काठाला एक चीर असलेली. ‘माझा माणूस आत आहे’ हे एकच वाक्य मला सांगता येते. ते मी इतके चोख सांगितले, की एकदा त्यापायी एक जीव जाता जाता राहिला.

माझा जन्म मासे कापायच्या प्लास्टिकच्या फळीतून झाला. नॉर्वेच्या उत्तर किनाऱ्यावर मासळीच्या एका कारखान्यात हालवर नावाचा मेकॅनिक होता. सुट्टीच्या दिवशी तो पाणबुड्या होई. झिजलेली फळी फेकण्याआधी त्याने तिच्यातून मला गोल कापून काढले आणि तापवलेल्या खिळ्याने माझ्या काठावर तीन खाचा पाडल्या. जाड हातमोज्यातल्या बोटांना अंधारातही कळावे, की ही चकती हालवरची.

त्याची धाकटी बहीण रानवाइ शेजारीच तपकिरी चीज लावलेला पाव खात बसली होती.

“उंदरानं कुरतडल्यासारखी दिसतेय,” ती म्हणाली.

“मग तुझी तू कर.”

तिने केली. पिवळी, एकाच त्रिकोणी खाचेची. “ही बघ. उंदराला आवडली नाही, एकच घास घेतला त्यानं.”

आमच्या कामाची जागा म्हणजे गुनवोर. शिवणयंत्रे घेऊन निघालेले हे मालवाहू जहाज सत्तर वर्षांपूर्वी खडकावर आपटून बुडाले. ते चौतीस मीटर खोल, जरासे कलून बसले आहे. मालाच्या पेट्यांचे लाकूड किड्यांनी कधीच खाल्ले. उरली ती यंत्रे. कोठारात ती ओळीने उभी आहेत, सुया वर उचललेल्या. शिवणाऱ्या बायका आत्ताच जेवायला उठून गेल्या असाव्यात तशी.

कोठाराच्या दाराबाहेर हालवरने एक दोरी बांधली होती. ती थेट आत शेवटच्या भिंतीपर्यंत जाई. आत शिरताना प्रत्येकाने आपली चकती दारापाशी दोरीवर अडकवायची आणि बाहेर पडताना काढून घ्यायची. दुसऱ्याची चकती काढायची नाही. तुम्ही बाहेर पडताना दुसऱ्याची चकती दोरीवर दिसली, तर तो अजून आत आहे असे समजायचे. एवढाच नियम.

सहा वर्षे मी आणि पिवळी त्या दोरीवर शेजारी शेजारी लटकलो. माणसे आत गेली की आमच्याभोवती काळोख मिटून येई. दोरी थरथरली की आम्हांला कळे, आत हात चालतो आहे. पण कधी कधी दोघे बाहेर येऊन वर निघाले आणि हालवरने मला खिशात टाकले, तरी त्याच्या हातातली दोरी मागून एकदा हलकेच ओढली जाई. आत एक मोठा लांडगामासा राहतो, त्याची पाठ लागत असेल, असे हालवर म्हणे. मीही तसेच मानत असे.

त्या फेब्रुवारीत पाणी काचेसारखे स्वच्छ होते. नावेवर त्यांची बोरगिल मावशी होती.

“त्या बुडक्या जहाजात तुमच्या बापानं काय पुरून ठेवलंय देव जाणे,” ती म्हणाली. “एकपर्यंत आला नाहीत, तर सगळी कॉफी मी पिणार.”

दोघे खाली आले, आम्हांला अडकवून आत गेले. पाचच मिनिटांत आतून प्रचंड खळखळाट ऐकू आला.

दाबून भरलेली हवा पाठीवरच्या टाकीतून सुटताना पसरते आणि पसरताना गार होते. पाणी मुळातच चार अंशांचे असेल, तर झडपेत बर्फ धरतो. मग झडप मिटत नाही आणि सगळी हवा भसाभस निघून जाते. हालवरचे तेच झाले. बुडबुडे छतावर आदळले, सत्तर वर्षांचा गंज खाली आला आणि क्षणात आत काही दिसेना. हालवरच्या हातून दोरी सुटली. डोक्यावर फाटलेल्या पत्र्यातून हिरवा उजेड दिसला, तो त्यातून निसटला आणि जीव मुठीत धरून वर गेला.

दारातून मात्र तो गेला नाही. मी दोरीवरच राहिले.

थोड्या वेळाने रानवाइ दोरी चाचपत दारापाशी आली. तिच्या बोटांना आधी पिवळी लागली, मग मी. एक, दोन, तीन खाचा. तिने पुन्हा मोजल्या. मग ती वळली आणि त्या गढूळ अंधारात परत शिरली.

मित्रांनो, ती चूक नव्हती. माझी साक्षच तशी होती. मलाही वाटत होते, की हालवर आत आहे.

वर नावेवर हालवरने खिसा चाचपला आणि त्याचा चेहरा उतरला. हे मावशीने नंतर सांगितले. तो पान्याने नावेवरून पाण्यात सोडलेली लोखंडी शिडी ठोकू लागला. तीन ठोके सावकाश, दोन झटपट. लहानपणी दोघांच्या खोल्यांमध्ये लाकडी भिंत होती, तिच्यावरची ही त्यांची खूण: मी इथे आहे.

खाली तो आवाज स्पष्ट आला. पण पाण्यात आवाज हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त वेगाने धावतो. दोन्ही कानांवर तो जणू एकदमच पोहोचतो आणि कुठून आला ते उमगत नाही. मला वाटले, ठोके जहाजाच्या आतून येताहेत. रानवाइलाही तसेच वाटले. भाऊ आत अडकला आहे आणि भिंत ठोकतो आहे! दोरीची थरथर दूर दूर जात गेली. ती आणखी खोल चालली होती.

ती वर येईना, तेव्हा हालवरने मावशीची विनवणी न ऐकता दुसरी टाकी चढवली आणि तो दगडासारखा खाली आला. दारातून गंज दुधासारखा ओसंडत होता. त्याने दोरी चाचपली. आम्ही दोघीही तिथेच होतो. तो आत शिरायला वाकला, आणि थांबला. तो आत गेला असता, तर दोघे एकमेकांना शोधत आतच राहिले असते.

त्याने दोरी दोन्ही हातांनी धरली आणि ओढली. तीन सावकाश, दोन झटपट.

आवाजाला दिशा नव्हती, पण दोरीला होती. थोडा वेळ काहीच झाले नाही. मग दोरीला आतून उत्तर आले.

रानवाइ बाहेर आली तेव्हा तिची टाकी रिकामी होत आली होती. तिने सवयीने पिवळी ओढून घेतली. हालवरने तिला वर ढकलले. मला मात्र तो पुन्हा विसरला.

नावेवर काय झाले ते मी पुढे या दोघांच्या तोंडून अनेकदा ऐकले.

“तू आतून ठोकत होतास,” रानवाइ कुडकुडत म्हणाली.

“मी शिडी ठोकत होतो गं.”

“खोटं! मी ऐकलंय.”

“भांडण मग करा. आधी कॉफी प्या,” मावशी ओरडली.

“माझी चकती खाली राहिली,” हालवर म्हणाला.

“राहू दे.”

“राहू कशी देऊ? ती सांगतेय, मी आत आहे.”

पण घाईने उतरताना त्याच्या कानाचा पडदा फाटला होता. डॉक्टरांनी त्याला झाप झाप झापले आणि पाण्याला शिवायचे नाही असे बजावले. त्यात वादळे सुरू झाली. सात आठवडे मी एकटी लटकत राहिले.

रिकाम्या जहाजाला मी रोज एकच गोष्ट सांगत होते: हालवर आत आहे. आणि ते अगदीच खोटे नव्हते. त्याच्या टाकीतून सुटलेली हवा कोठाराच्या छताखाली चांदीच्या थाळीसारखी साचून राहिली होती. बाहेर लाटा उठल्या की ती थाळी हले, श्वास घेतल्यासारखी. त्याचा श्वास आतच होता. रोज थोडा थोडा पाण्यात विरत होता. कधी दोरी आतून ओढली जाई. लांडगामासाच असेल, मी स्वतःला सांगे. पण एकदा ती तीनदा सावकाश ओढली गेली. पुढच्या दोन ओढींची मी वाट पाहिली. त्या आल्या नाहीत.

एप्रिलच्या एका सकाळी दिवा दिसला. रानवाइ होती, सोबत कारखान्यातला एक पाणबुड्या. तो दारापाशी थांबला. तिने माझ्या खाचा मोजल्या. भाऊ वर नावेत कानात कापूस घालून बसला आहे, हे तिला पक्के ठाऊक होते. मला काढायचे आणि निघायचे, एवढेच तिचे काम होते. पण तिने माझ्या शेजारी पिवळी अडकवली आणि ती आत गेली. दोरीच्या टोकापर्यंत. छताखाली ती थाळी आता नाण्याएवढी उरली होती. मग परत येऊन तिने आम्हां दोघींना काढले. दुसऱ्याची चकती तिने दोरीवरून काढली ती तेवढ्याच वेळी.

“एक चकती काढायला इतका वेळ?” वर हालवरने विचारले.

“आत बघून आले.”

“काय बघायचं होतं?”

“तू आहेस का.”

हालवर हसला नाही. मावशीने दोघांपुढे पाव ठेवला.

मित्रांनो, तुम्ही कदाचित थंड समुद्रात कधी उतरणार नाही. पण नदीकाठी चपला काढून ठेवाल आणि दुसऱ्याच वाटेने घरी जाल. उशीर होईल म्हणून सांगायचे विसराल. तेव्हा एवढे ध्यानात ठेवा: निघताना आपली खूण काढून न्या. तुम्ही बाहेर आलात हे तुम्हांला ठाऊक असते, खुणेला नसते. आणि तिच्यावर विश्वास ठेवून कोणीतरी तुम्हांला शोधायला आत जाते.

आता मी कारखान्याच्या शेडमध्ये खिळ्याला लटकते. रानवाइ जाता येता आत डोकावते. माझ्या खाचांवरून बोट फिरवते. एक, दोन, तीन.

“हालवर?”

“इथंच आहे,” इंजिनाखालून आवाज येतो.

तो कुठून आला ते ती नीट वाकून बघते. मगच जाते.