सोमवारची तपासणी

त्या डोंगरावर गाडी चढायची ती दोराच्या जिवावर. जिन्यासारखे उभे चढत गेलेले रूळ, त्यांवर दोन डबे, दोन्ही एकाच तारेच्या दोराच्या दोन टोकांना बांधलेले. एक वर निघाला की दुसरा खाली यायचा आणि निम्म्या वाटेत दोघे अंग चोरून एकमेकांना जागा द्यायचे. माथ्यावर मोठं इस्पितळ होतं. त्यामुळे सकाळच्या पहिल्या फेरीला धडधाकट माणूस क्वचितच दिसे.

दोर तपासणाऱ्याला सगळे ‘बोटवाले’ म्हणत. ऐन तिशीत त्यांना हे काम शिकायला चार महिने परदेशी धाडलं होतं. तिथला म्हातारा उस्ताद कागदाखाली डोक्याचा केस ठेवायचा आणि डोळे मिटून बोटांनी शोधायला लावायचा. आधी एका कागदाखाली, मग चार, मग आठ. सुटीच्या दिवशी बोटवाले तिथल्या एकेका डोंगरावरच्या गाडीत बसून येत. बाकीचे प्रवासी खालचं तळं पाहत आणि हे दोराकडे टक लावून बसत. परत आल्यावर त्यांची बायको सगळ्यांना सांगायची, “गाड्यांची स्थळं बघायला गेले होते. अकरा पाहिल्या, एक पसंत पडेल तर शपथ!”

तपासणी दर सोमवारी, पहिल्या फेरीआधी व्हायची. वरच्या स्टेशनात यंत्रावर त्यांचा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ असे. तो दोर मुंगीच्या पावलांनी फिरवी आणि बोटवाले सुती फडकं दोराभोवती मुठीत धरून उभे राहत. आतली एखादी तार तुटून तिचं टोक वर आलं असेल, तर फडकं अडकून मुठीला बारीकसा हिसका बसतो. त्या टोकाला ते काटा म्हणत. काटा लागला की ओरडायचं, दोर थांबवायचा, खडूने खूण करायची. हातभर लांबीत सहा काट्यांपर्यंत दोर चालतो, सातव्याला बदलायचा.

पंधरा महिन्यांपूर्वी साखरेच्या आजारानं त्यांची बोटं बधिर झाली. पहिल्यांदा लक्षात आलं ते बायकोच्या. त्यांनी चुलीवरचं तापलेलं पातेलं नुसत्या हातांनी उचललं आणि ते तसंच धरून शांतपणे विचारलं, “झाकणी कुठंय गं?”

“अहो, ऑफिसात सांगून टाका,” फोडांना मलम लावताना ती म्हणाली.

“सांगतो.”

नाही सांगितलं. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. हिसका काय, मनगटालाही कळतो; डोळे तर शाबूत आहेत; अशी ते स्वतःची समजूत घालत. शिवाय बोटवाल्याने बोटं गेली म्हणून सांगायचं, तर मग मागे राहिलं काय?

त्या सोमवारी त्यांनी पाऊण तास दोर मुठीतून जाऊ दिला, वहीत ‘ठीक’ लिहिलं, सही केली. मेहुण्याने पहिली फेरी सोडली. बोटवाले मोरीपाशी जाऊन साबणाने हात धुऊ लागले. काळ्या वंगणाचा फेस निघाला, आणि मग लाल. त्यांनी तळवा उलटा करून पाहिला. अंगठ्याखाली बोटभर चीर पडली होती. काटा लागला होता, फडकं फाडून हातात शिरला होता, आणि त्यांना पत्ताच नव्हता.

ते ओल्या हातांनीच धावत यंत्राच्या खोलीत गेले.

“थांबव! काटा आहे.”

मेहुण्याने गाडी थांबवली. “किती?”

“माहीत नाही.”

“कुठे?”

“माहीत नाही रे.”

“भाऊजी, चेष्टा करताय का? हात तुमचा आणि तुम्हालाच माहीत नाही?”

“मला बोटांनी कळत नाही. वर्ष उलटून गेलं.”

 मेहुणा आवाज उतरवून म्हणाला, “बरं, असू दे. चार मिनिटांत डबा वर येतो. आणतो अलगद. मग काय ते बघू.”

“एक लागला तिथे आणखी सहा असतील तर? मी वर्षभर काय सोडलंय ते मला ठाऊक नाही. दोराची शंका आली की रुळाचे ब्रेक लावायचे आणि माणसं पायऱ्यांनी काढायची. नियम आहे.”

“डब्यात सगळे आजारी आहेत, भाऊजी.”

“म्हणूनच सांगतोय. लाव ब्रेक.”

रुळांच्या कडेला पायऱ्या होत्या. वर यायला दोनशे चाळीस, खाली उतरायला त्याच्या दुप्पट. लोक वरच निघाले. कुणाला धरून आणलं, एका बाईला खुर्चीत घालून. एक सत्तरीचे गृहस्थ मात्र कुणाचा हात घेईनात. “मला काही धाड भरली नाही, त्या बाईंना बघा आधी,” असं म्हणत ते शंभरेक पायऱ्या चढले, दम खायला टेकले आणि तसेच कडेच्या भिंतीला कलंडले, ते पुन्हा उठलेच नाहीत. इस्पितळ डोळ्यांसमोर होतं.

दुपारी साहेबांसमोर मेहुण्याने स्वतः फडकं धरून सगळा दोर पुन्हा तपासला. काटा एकच निघाला. अख्ख्या दोरात एक.

बोटवाल्यांना घरी बसवलं. संध्याकाळी मेहुणा आला. दाराशी चपला काढतानाच म्हणाला, “त्या गृहस्थांची मुलगी ऑफिसात आली होती. पत्ता घेऊन गेलीय तुमचा. दोर खराब होता म्हणा. साहेबही तेच म्हणतायत. तिलाही तेवढाच धीर, की बाकीची माणसं वाचली.”

“आणि खरं काय ते?”

“खरं सांगून तिचा बाप उठून बसणार आहे का?”

ती चौथ्या दिवशी आली. चाळिशीची, हातात औषधांची पिशवी. उरलेल्या गोळ्या परत करायला निघाले होते, म्हणाली. बायकोने पाणी ठेवलं, ते तिने घेतलं नाही.

“दोर तुटायला आला होता ना?” तिने विचारलं.

तिचा चेहरा ‘हो’साठी आसुसलेला होता. बोटवाल्यांनी तो ‘हो’ जिभेवर आणला. दाराआड बायको उभी होती.

“नाही,” ते म्हणाले. “दोर चांगला होता. गाडी चार मिनिटांत वर आली असती. माझ्या हातांना कळत नाही, आणि ते मी लपवलं. आधीच सांगितलं असतं, तर त्या दिवशी तिथे दुसरा माणूस असता. त्याने एका काट्याला खूण केली असती आणि गाडी सोडली असती.”

 ती पुढे सरकली, त्यांचा उजवा हात ओढून घेतला आणि तर्जनीच्या पेरात नख रुतवलं.

“हे कळतं?”

“नाही.”

तिने आणखी जोर लावला. “हे?”

“नाही.”

“अहो...” दारातून बायको म्हणाली.

नख आत जात होतं. बोटवाल्यांनी हात मागे घेतला नाही. कातडी पांढरी पडताना, मग कडेने लाल होताना ते पाहत राहिले. दुखावं असं त्यांना फार वाटलं. तिचे डोळे भरून वाहू लागले, तरी तिने बोट सोडलं नाही, आणि ती पुन्हा पुन्हा तेच विचारत राहिली.