सोजरच्या नवऱ्याचं नाव

अंजनानं आख्खी कादंबरी लिहिली नाही, बोलली. मेंढरांमागं चालता चालता मोबाइल तोंडाजवळ धरायचा, माइकचं चित्र दाबायचं आणि सांगत सुटायचं. मोबाइल ऐकेल ते मराठीत उमटवायचा. मधेच एखादी मेंढी कुणाच्या कपाशीत शिरली, की अंजना जे ओरडायची तेही तो इमानेइतबारे उमटवायचा. त्यामुळं पहिल्या खर्ड्यात सोजर नावाची नायिका सासरी निघताना हमसून हमसून रडते आणि पुढच्याच ओळीत आईला म्हणते, ‘मर भवाने, निघ तिथून.’

अंजना गेवराईजवळच्या वस्तीवरची, बारावीपर्यंत शिकलेली, लग्न होऊन बिभीषणच्या घरात मेंढरं वळायला आलेली. तिनं कादंबरी रचली हे कळल्यावर वस्तीनं तोंडात बोटं घातली नाहीत. वस्ती हसली. एकटा बिभीषण मात्र खुशीत होता. चहाच्या टपरीवर भेटेल त्याला तो सांगायचा, “आमच्या घरची कादंबरी येऊ लागलीय, गडाच्या यात्रेत दुकान मांडणार हाय.” कादंबरीत काय आहे हे त्याला कुणी विचारलं नाही आणि त्यानंही अंजनाला विचारलं नाही.

मेंढ्यांवर ओरडलेल्या ओळी काढून टाकल्यावर अंजनानं पानं छापून घेतली आणि सत्यशीलाबाईंकडं नेली. बाई तिच्या शाळेतल्या मराठीच्या शिक्षिका, आता निवृत्त. जुन्या विद्यार्थिनीनं आणलेलं बाड कौतुकानं चाळून परत द्यावं, एवढं कुणीही करतं. बाईंनी ते पानापानांवर पेन्सिल चालवत वाचलं, आणि बोलावून घेतलं.

“अंजना, या पुस्तकात पुरुष किती आहेत?”

“तीन. सोजरचा नवरा, सासरा अन् दीर.”

“त्यांची नावं काय?”

अंजना बाडाची पानं चाळू लागली.

“सगळीकडं नुसतं ‘हे’, ‘ते’, ‘घरचे’. विहिरीत कोण पडलं ते मला कळेना. चार पानं मी नवऱ्यासाठी हळहळले, आणि पाचव्या पानावर तोच भाकरी खायला बसला!”

आता यात अंजनाचं काय चुकलं? जिनं लग्न झाल्यापासून नवऱ्याचं नाव उखाण्याशिवाय घेतलं नाही, सासऱ्या-दिराचं तर नाहीच नाही, तिनं भर रानात मोठ्यानं काय बोलावं? गोष्ट सोजर स्वतःच्या तोंडानं सांगते. म्हणजे अंजनानं मोबाइलला ‘माझे मालक’ म्हणून सांगायचं आणि पुढं भलत्याच पुरुषाचं नाव जोडायचं. शेजारच्या वावरात खुरपणाऱ्या बायांनी ऐकलं असतं, तर ती भानगड संध्याकाळपर्यंत वस्तीभर झाली असती. हातानं लिहिणारी बाई एखादं नाव गुपचूप लिहून टाकते. बोलून लिहिणारीची मोठीच पंचाईत.

“सोजरचा नवरा म्हणजे तुझा नवरा आहे का?” बाईंनी विचारलं.

“न्हाई बाई.”

“मग त्याला नाव दे. नाव नाही म्हणून तू दर वेळी बिभीषणलाच त्याच्या जागी बसवतेस, आणि बिभीषणला तू काही वाईट करू देत नाहीस. असल्या गुणी माणसाची गोष्ट होत नसते.” बाईंनी पानं उलटली. “आणि हा लांडगा. सोजरच्या बापानं लग्नात दिलेल्या दोन मेंढ्या हा नेतो. मला हा लांडगा खरा वाटत नाही. धनगराच्या वाड्यात लांडगा शिरला आणि कुत्रं भुंकलं नाही?”

अंजनाचा चेहरा उतरला. कुत्र्याचं तिच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. पण भुंकवलं असतं तर कुणीतरी उठलं असतं, आणि उठलेल्या माणसाला लांडगा कुठं दाखवणार?

“कुणी नेल्या मेंढ्या, अंजना?”

तिनं चहाचा कप तोंडाला लावला. बाईंनीही ताणलं नाही. चहा पिऊन, पानं पिशवीत घालून ती परत आली.

दुसऱ्या दिवशी मेंढरं माळावर मोकळी सोडून तिनं मोबाइल काढला. आजूबाजूला कुणी नव्हतं, तरी तिनं एकवार सगळीकडं पाहिलं. मग म्हणाली, “माझे मालक. गोरख.” मेंढ्यांनी मान वर केली नाही. तिनं पुन्हा मोठ्यानं म्हटलं, “गोरख!” आणि तिला हसूच फुटलं.

नाव मिळालं आणि गोरख बिभीषणपासून सुटला. तो बिभीषणपेक्षा उंच निघाला, तंबाखू खाऊ लागला, बापाला उलटून बोलू लागला. असं दोन-चार दिवस चालल्यावर एका दुपारी सोजर बहिणीच्या बाळंतपणाला माहेरी गेली असताना त्यानं तिच्या दोन्ही मेंढ्या टेम्पोत घातल्या, बाजारात विकल्या आणि जुनी मोटारसायकल घेऊन आला. सोजरला विचारलं नाही, आल्यावर सांगितलंही नाही. सोजर रिकाम्या दाव्यांकडं बघत उभी राहिली. तिथं अंजनाचा आवाज फुटला आणि मोबाइलला पुढचे शब्द काही केल्या उमटवता येईनात. कारण हे सगळं जसंच्या तसं घडलेलं होतं. सिरसाळ्याकडं मेंढरं चरायला नेली होती त्या साली, आणि तिच्याच घरात. माहेरच्या मेंढ्या बाईच्या स्वतःच्या, त्यांची पिल्लंसुद्धा तिचीच, हा धनगरांचा रिवाज बिभीषणला काय ठाऊक नव्हता? तिनं लांडग्याचं प्रकरण आख्खंच्या आख्खं पुसलं.

मग ती हरिओमच्या छापखान्यात गेली. हरिओम वर्षभर लग्नपत्रिका छापायचा, त्यामुळं पहिलं पान मोकळं ठेवणं त्याच्या जिवावर आलं.

“इथं आमदार साहेबांचा फोटो टाकू ताई, खाली शुभेच्छुकांची नावं. छपाईचं साहेबच बघतील.”

“साहेबांनी मेंढरं वळली का?” अंजना म्हणाली. “माझं पुस्तक हाय, माझ्याच पैशानं निघंल. थोड्याच प्रती छाप. यात्रेत चुका घावल्या तर दुरुस्त करून पुढच्या छापू.”

“मग सोमवारी फाइल पायजे. नंतर लग्नसराई हाय, यात्रेआधी तुमचं पुस्तक व्हणार न्हाई.”

रविवारी दुपारी लिंबाखाली बिभीषण टेकला होता. अंजनानं ते प्रकरण त्याला वाचून दाखवलं. लोकांच्या तोंडून कळण्यापेक्षा माझ्या तोंडून कळू दे, असं तिनं ठरवलंच होतं. गोरख तंबाखू मळतो तिथं तो हसला. टेम्पो आला तसा तो उठून बसला.

“हे कावून लिवलंस?”

“घडलं म्हणून.”

“लोक वळखतील की मला. आधी काय व्हतं इथं?”

“लांडगा व्हता.”

“मग लांडगाच बरा व्हता की! लांडग्याला कोण नावं ठेवतं?”

“लांडगा खोटा व्हता.”

“हे छापलंस तर मी यात्रेत येणार न्हाई.”

“नका येऊ. मी नेते गठ्ठे डोक्यावर.”

तिनं शब्द एकही मागं घेतला नाही. बिभीषण काठी घेऊन मेंढरांकडं निघून गेला. दुपारभर दोघं एका रानात आणि एकमेकांपासून कोसभर लांब. अंजनाला भीती वाटत होती. पुस्तक निघालं आणि माणूस तुटला तर? तरी तिनं प्रकरण पुन्हा वाचलं, एक शब्द बदलला, बाकी तसंच ठेवलं.

ऊन उतरल्यावर तो आला. उभाच राहिला.

“तू माहेरी गेलतीस,” तो म्हणाला. “इचारलं असतं तर तू न्हाई म्हणली असतीस, म्हणून इचारलं न्हाई. चुकलं माझं.”

हे शेवटचे दोन शब्द ऐकायला अंजनानं वर्षं काढली होती. पदर तोंडाला लावून ती रडली, मनसोक्त रडली. बिभीषण शेजारी बसून राहिला. ती शांत झाल्यावर त्यानं हळूच मोबाइलकडं बोट केलं.

“मग त्यालाबी म्हणू दे की तसं, पुस्तकात. शेवटाला दोन वळी टाक. चुकलं म्हणावं त्यानं सोजरला.”

अंजनानं डोळे पुसले आणि मान हलवली.

“न्हाई. त्यो म्हणला न्हाई. तुमी म्हणला.”

आणि तिनं त्याच्या देखत फाइल हरिओमला पाठवून दिली.