शिगेनोआजी खुर्चीत बसत नाही

तानोउरा गावात नव्या घराचं आढं चढलं की घरधनी वर चढून तांदळाचे चिकट गोळे उधळतो आणि खाली अख्खं गाव तुटून पडतं. शिगेनोआजी या रणातली वाघीण. तरुणपणी दोन्ही हात गोळ्यांनी भरले म्हणून तिनं एक गोळा दातांत झेलला, तर शेजारणीनं तो दातासकट ओढून नेला. दाताचं आजीला काही नाही. गोळ्याचं दुःख अजून आहे.

नाकायांच्या घराचं आढं चढलं त्या दिवशी वाडीचा प्रमुख, म्हणजे आजीचा भाचा यासुजी, यानं अंगणाच्या कडेला दोरी बांधली आणि आत खुर्च्या मांडल्या.

"मावशी, सत्तरीच्या पुढचे सगळे इथं. तुमचे गोळे हातात आणून देतो."

"हातात? मी काय आजारी आहे?"

"पडलीस म्हणजे?"

"पडले तर गोळ्यांवर पडेन. मऊ असतात."

यासुजीनं भोंगा तोंडाला लावला. "मंडळी, या वर्षी कुणी हित्ताकुरु करायचं नाही!"

दुसऱ्याच्या हातातली वस्तू हिसडा मारून ओढणं, असा तो शब्द. एरवी तो पर्स पळवणाऱ्या चोरांच्या बातमीत असतो. चांगल्या घरच्या बाया तो तोंडात घेत नाहीत.

"का नाही करायचं?" आजी खणखणीत ओरडली. "चोर वाटेत हित्ताकुरु करतो, ते वाईट. इथं ज्या घरापुढं धक्काबुक्की होत नाही, त्या घरात राहायला जाऊ नये माणसानं!"

खुर्चीतल्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या, पण उठलं कुणी नाही. आजीला कळलं, आज या खुर्चीत टेकलो की पुढं आपल्याला उभं राहा म्हणणारं कुणी उरणार नाही.

ती दोरीखालून वाकून बाहेर आली.

"मावशी, आत!"

तेवढ्यात उत्तरेच्या कोपऱ्यावरून घरधन्यानं मोठा गोळा सोडला. चांगला ताटाएवढा. घराच्या प्रत्येक कोपऱ्यावरून असा एकच सुटतो आणि तो ज्याला मिळेल त्याचं वर्ष फळतं. तो इतका उंच गेला की खाली येईपर्यंत गावाची जांभई देऊन झाली. लहानपणापासून अशाच अंगणांत वाढलेल्या यासुजीचे हात मेंदूला न विचारता वर गेले. भोंगा चिखलात, गोळा छातीशी.

आजीनं हिसडा मारला.

"मावशी! हे हित्ताकुरु झालं!"

"झालंच! परत करू?"

हसून हसून गाव वाकलं. दोरी आता म्हाताऱ्यांच्या पायांखाली होती. कुणी काठी टेकत, कुणी तीच काठी उगारत गर्दीत घुसलं. यासुजी भोंगा पुसत उभा राहिला. एक नव्वदीची बाई त्याच्या खिशात हात घालून त्यात पडलेला गोळा काढत होती.

आजीनं ताटाएवढा गोळा एप्रनखाली पोटाशी कोंबला, बाह्या वर सारल्या आणि वर बघून हाक मारली, "दक्षिणेचा टाक रे! नीट उंच टाक, लाजू नकोस!"