मूळ फॉर्म आणि मिरचीची रोपं

मित्रांनो, त्या दिवशी विक्रमला काय मिळणार होतं, ते आधी सांगतो. दौंडला त्याच्या मावसभावाची हळद होती. हातातलं काम झटपट उरकलं तर जेवणाची पहिली पंगत सापडणार होती, आणि शंकररावआप्पांकडून ‘पोरगं हुशार आहे’ एवढी शाबासकीही पदरात पडणार होती. जाणार काहीच नव्हतं. निदान त्याचं तरी नाही.

मी एक जुना फॉर्म आहे. फॉर्म म्हटलं की तुम्हाला तहसील कचेरीत रांग लावून भरायचा कागद आठवेल. मी तसला नाही. मी कॉम्प्युटरच्या पडद्यावरचा फॉर्म. तळेगाव ढमढेऱ्याजवळ आप्पांची रोपवाटिका आहे. शेतकरी टोमॅटोची, मिरचीची, फ्लॉवरची रोपं आधी सांगून ठेवतात, मग त्यांच्या नावानं बी टाकलं जातं आणि महिनाभरानं रोपांचे ट्रे गाडीत बसून गावोगाव जातात. या सगळ्या कारभाराचं सॉफ्टवेअर विक्रमनं बनवलं. शिक्रापुरात टायरच्या दुकानावर त्याची खोली होती. खाली ट्रक घरघरत होते आणि वर मी जन्माला येत होतो.

सगळ्यात आधी त्यानं मला घडवलं. वर हिरवी पट्टी, त्यात रोपवाटिकेचं नाव, आणि खाली दोन बटणं. डावीकडे ‘जतन’, उजवीकडे ‘रद्द’. मग माझ्यावरून बाकीचे पडदे काढले. कुणी ग्राहकांचा, कुणी बियाण्याचा, कुणी बुकिंगचा, कुणी गाडीचा. ती सगळी माझी लेकरं. माझ्याकडे जे असेल ते त्यांना आपोआप मिळतं. माझी पट्टी निळी केली की त्यांचीही निळी होते. विक्रम याला वारसा म्हणायचा आणि गिऱ्हाइकापुढे छाती फुगवून सांगायचा, “एका जागी बदललं की सगळीकडं बदलतं!”

काउंटरवर रोज उघडायची ती लेकरं. कौतुक व्हायचं तेही त्यांचंच. मला कुणी कधी पाहिलं नाही. आईबापांचं असंच असतं म्हणा.

पण वारशात एक खोच आहे. एखाद्या लेकराला एखाद्या बाबतीत वेगळं काही सांगितलं, की तेवढ्या बाबतीत ते माझं ऐकणं सोडतं. बाकी घर एकत्र, तेवढ्यापुरती चूल वेगळी. बुकिंगच्या पडद्याचं तेच झालं होतं. काउंटर सांभाळणारी सुलक्षणा एकदा म्हणाली होती, “विक्रम, इथं नुसतं ‘जतन’ नको, ‘बुकिंग जतन’ लिही, आन् बटण जरा ऐसपैस कर.” त्यानं तिथल्या तिथं माउसनं ओढून ते बटण रुंद केलं, थोडं सरकवलं आणि चहा प्यायला गेला. त्या घडीपासून ते बटण कुठे बसायचं, हे माझ्या हातात राहिलं नाही. विक्रम हे विसरला. मी आठवण कशी करून देणार? मला बटणं दिली आहेत, तोंड दिलेलं नाही.

तर तो बाजाराचा दिवस. विक्रम सकाळी काउंटरवर आला होता, तेवढ्यात आप्पा नवा मोबाइल घेऊन आले.

“हे बघा विक्रमशेठ. यात होकाराचं बटण उजव्या हाताला असतं. आपलं डावीकडं का? लोक मागास म्हणतील.”

सुलक्षणा म्हणाली, “आप्पा, बुकिंगला येणाऱ्यांपैकी कुणी आजवर पडद्यात डोकावून पाहिलेलं न्हाई. लोक रोपं बघायला येतात, बटणं न्हाई.”

“तू गप. तुला बदल म्हटलं की अंगावर काटा येतो.”

विक्रमनं घड्याळ पाहिलं आणि मला उघडलं. ‘जतन’ उचलून उजवीकडे नेलं, ‘रद्द’ डावीकडे आणलं. ग्राहकांचा पडदा उघडून आप्पांना दाखवला. बटणं शिस्तीत नव्या जागी गेली होती. आप्पा खूश. “बघा, सगळीकडं असंच झालं,” असं म्हणून विक्रमनं बॅग उचलली. बाकीची लेकरं त्यानं उघडूनही पाहिली नाहीत. ज्याचा आपल्याला अभिमान असतो ते आपण तपासत नाही, हे मी माणसांमध्ये बऱ्याचदा पाहिलंय.

बुकिंगच्या पडद्यावर काय झालं होतं? ‘रद्द’नं माझं ऐकलं आणि ते डावीकडे आलं. ‘बुकिंग जतन’ मात्र वेगळ्या चुलीचं. ते हललंच नाही. परिणामी ‘रद्द’ त्याच्या उरावर जाऊन बसलं, आणि उजवा कोपरा मोकळा.

बाजारामुळे काउंटरवर झुंबड उडाली. सुलक्षणानं बुकिंगचा पडदा उघडला. उजवीकडे काही दिसेना. ‘इथलं बदलायचं राहिलं वाटतं,’ असं म्हणून तिनं हात जुन्या जागी नेला. बटणावर काय लिहिलंय ते वाचायला गर्दीनं सवड दिली नाही. तशीही ती पडद्याकडे फारशी बघतच नाही. समोरच्याकडे बघून बोलते आणि बोटं आपली चालत राहतात. आपण बोलतोय आणि ही कॉम्प्युटरकडे बघतेय, हे शेतकऱ्याला आवडत नाही, हे तिला पक्कं ठाऊक. त्यात ‘जतन’ केलं तरी पडदा कोरा होतो आणि ‘रद्द’ केलं तरी कोराच होतो. शंका यावी कुठून?

त्या गर्दीत वच्छलाबाई आली. भीमेपलीकडून, दौंड तालुक्यातून, जीपा बदलत. पूर्वी घरचा धंदा मेंढरांचा, आता शेती. नवरा कारेगावला खोली करून राहतो, कारखान्यात पाळीवर जातो. घरचा कारभार थोरल्या दिराच्या, गेणबाच्या हातात.

“बाई, एका एकराला मिरचीची रोपं पायजेत,” ती म्हणाली. “पैल्यांदाच मी सांगितलेलं पीक लावू द्यायलेत. कालव्याचं पाणी सुटायच्या आत रोपं शेतात पायजेत. न्हाईतर भावजी मका टाकून मोकळं हुतील.”

“काळजी करू नका मावशी. फोन नंबर?”

“माझ्याकडं कुठला फोन! भावजींचा लिव्ह.”

ग्राहकांच्या पडद्यावर तिचं नाव आणि गेणबाचा नंबर नीट जतन झाला. मग सुलक्षणानं बुकिंग भरलं, तिच्याकडे बघून हसली, गाडी कधी येईल ते सांगितलं आणि सवयीच्या जागी क्लिक केलं. वच्छलाबाईची मिरची तिथेच पुसली गेली. मला ते दिसत होतं.

संध्याकाळी बी टाकायची यादी काढली, तर दिवसभराचं एकही बुकिंग नाही. सुलक्षणानं विक्रमला फोन लावला. पलीकडे हळदीचा डीजे दणाणत होता. “ताई, सकाळी येतो! किरकोळ असेल!” एवढंच ऐकू आलं.

पण सुलक्षणाला माणसं आठवत होती. दिवसभर तिनं त्यांचे चेहरेच तर बघितले होते. कोण आलं, कुणाला काय हवं होतं, ते आठवत तिनं एकेकाला फोन करून खात्री केली. बहुतेकांचं बुकिंग परत उभं राहिलं. मग गेणबाचा नंबर लागला.

“मामा, तुमच्या घरच्या मिरचीच्या रोपांचं पक्कं करायचं होतं.”

“मिरची? कुणी सांगितली? आमाला मका टाकायचाय. तुमी दुसरं गिऱ्हाईक बघा.”

सुलक्षणानं आप्पांकडे पाहिलं. “आप्पा, ती बाई स्वतः आली होती.”

“अगं, घरचा कर्ता माणूस न्हाई म्हणतोय ना? मग न्हाईच. पुढचा लाव.”

दुसऱ्या दिवशी विक्रम आला. दुरुस्ती कशी केली, विचारा. बुकिंगच्या पडद्यावरची दोन्ही बटणं माउसनं ओढून उजवीकडे बसवली. तिथल्या तिथं. आधी एक बटण वेगळं राहत होतं, आता दोन झाली.

महिन्याभरानं वच्छलाबाई काउंटरवर उभी राहिली. “गाडी काल येणार हुती. वाट बघितली.”

सुलक्षणानं पडदा उघडला आणि तिचा चेहरा उतरला. “मावशी... त्या दिवशी कॉम्प्युटरमधून बुकिंग गेलं. मी फोन केला होता. गेणबामामा म्हणाले, नकोय.”

वच्छलाबाई म्हणाली, “तुला म्या सांगितलं हुतं ना? मग त्यांना कशापायी इचारलंस?”

सुलक्षणा उठून शेडमध्ये गेली आणि मिरचीचे उरलेसुरले ट्रे गोळा करून घेऊन आली. कुठलं वाण कुठलं, काही मेळ नव्हता. रोपं एकराला पुरणार नव्हतीच, अर्ध्याला कशीबशी पुरली असती.

पुढे वच्छलाबाई रिकामे ट्रे परत द्यायला आली, तेव्हा पुढचं कळलं. पाणी सुटलं, अर्ध्यात मिरची लागली, उरलेल्या अर्ध्यात गेणबानं मका टाकला.

“मिरची कशी हाय मावशी?” सुलक्षणानं विचारलं.

“हाय की चांगली. एक झाड तिखट, एक फिकं.” ती हसली. “भावजी समद्या भावकीत सांगत्यात, बायकांच्या हाती रान दिलं की असं हुतं.”

“पुढच्या खेपेला मी स्वतः लक्ष घालते.”

“पुढची खेप कुठली गं? आता इचारनारच न्हाईत मला.”

मित्रांनो, तुमच्यातलं कुणी उद्या माझ्यासारखे फॉर्म घडवील. त्याला एवढंच सांगतो. वारसा ही मोठी सोयीची गोष्ट आहे, पण बापाला हलवलंत तर प्रत्येक लेकराचं दार उघडून बघा. कोण कुठे वेगळं राहतंय, हे बापालाही ठाऊक नसतं. आणि जिनं काम सांगितलं, तिलाच विचारा.

आता कुणाचं काय झालं ते पाहू. आप्पांचं बटण उजवीकडे आलं. विक्रमला पंगत मिळाली, शाबासकीही मिळाली. आप्पा अजून त्याला हुशारच म्हणतात. गेणबाच्या जनावरांना चारा झाला. आणि चुकीची किंमत भरली ती, जिनं कॉम्प्युटरला कधी हातही लावला नाही, त्या वच्छलाबाईनं. घरात तिच्या शब्दाला पहिल्यांदाच मान मिळाला होता, तोच त्या किमतीत गेला.